कॉम्प्रेसरचं तेल पुन्हा पुन्हा कमी, बिल मात्र जास्त: अॅडिटिव्हची बाटली उघडण्याआधी काय तपासायचं

द्राक्षाच्या प्रीकूलिंग आणि साठवणीच्या खोल्यांमध्ये जानेवारी ते एप्रिल या काळात एक तक्रार हमखास येते. सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसर (मोटर आणि पंप एकाच बोल्टच्या बंद खोळीत), गॅस आर-४०४ए, कंडेन्सिंग युनिट बाहेर किंवा स्लॅबवर, कॉईल आत. साईट ग्लासमधलं तेल तळाला जातं, मेकॅनिक अर्धा लिटर भरतो, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मधूनच ऑईल प्रेशर स्विच ट्रिप होतो. माल थंड व्हायला वेळ लागतो आणि मीटर पळत राहतो. अशा वेळी कुणीतरी बाटली पुढे करतं: हे अॅडिटिव्ह तेलात घाला, कॉईलच्या नळ्यांना आतून चिकटलेलं तेल सुटेल, वीज वाचेल.

बाटलीवरचा दावा निव्वळ थाप नाही, त्यामागे खरं भौतिकशास्त्र आहे. पण वर सांगितलेल्या तक्रारीत बहुतेक वेळा ते औषध चुकीच्या रोगावर जातं. तेल कॉम्प्रेसरमधून का निघतंय आणि परत का येत नाहीये, हे आधी शोधावं लागतं.

आधी तेलाचा हिशेब

बंद सिस्टीममध्ये तेल उडून जात नाही. ते गळून बाहेर पडतं, नाहीतर आतच कुठेतरी बसतं. गळालं असेल तर फ्लेअर नट, सर्व्हिस वॉल्व्हचा स्टेम किंवा गॅस्केट यांपैकी कुठेतरी तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतोच, आणि बरोबर गॅसही कमी होतो. डाग नाही, गॅस पूर्ण आहे, तरी हंगामात अडीच लिटर तेल भरलं गेलं, तर ते अडीच लिटर कॉईलमध्ये, सक्शन लाईनमध्ये (कॉईलकडून कॉम्प्रेसरकडे गॅस परत आणणारा पाईप) किंवा सेपरेटरमध्ये (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसमधलं तेल वेगळं करून परत पाठवणारं भांडं) आहे.

म्हणून कॉम्प्रेसरजवळ एक वही टांगा. नेमप्लेटवरचा तेलाचा आकडा, भरलेलं प्रत्येक माप, काढलेलं प्रत्येक माप, तारीख. ही वही नसेल तर पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते.

नवीन बसवलेल्या सेपरेटरबद्दल एक गोष्ट नेहमी विसरली जाते. फ्लोट (तेल साठलं की परतीची वाट उघडणारा तरंगता गोळा) उचलला जाईल इतकं तेल त्यात आधीच भरावं लागतं, साधारण अर्धा लिटर. नेमका आकडा सेपरेटरच्या कागदावर असतो. ते भरलं नाही तर सेपरेटर पहिलं तेल स्वतःसाठीच ठेवून घेतो, आणि "नवा कॉम्प्रेसर तेल खातोय" अशी ओरड सुरू होते.

अँपिअर पाहून फसू नका

कॉईल खराब काम करतेय हे कळायला टीडी मोजा: कॉईलवर येणाऱ्या हवेचं तापमान वजा गॅसचं उकळण्याचं तापमान. फळांच्या खोलीत आर्द्रता टिकवायची असते म्हणून टीडी साधारण ५ ते ७ अंश धरून कॉईल निवडलेली असते. खोली +१ अंशावर असेल तर गॅस −५ च्या आसपास उकळायला हवा. आर-४०४ए साठी सक्शन गेजवर सुमारे ६० पीएसआय. गेज ४८ दाखवत असेल तर गॅस −१० ला उकळतोय, म्हणजे टीडी ११ वर गेला. उकळण्याचं तापमान १ अंशाने खाली गेलं की त्याच थंडाव्यासाठी साधारण २ ते ३ टक्के जास्त वीज लागते. पाच अंशांचा हिशेब करून पाहा. शिवाय कॉम्प्रेसरची क्षमता घटल्यामुळे तो जास्त तास चालतो, आणि पंखेही त्याच्याबरोबर.

आता गंमत अशी, की सक्शन प्रेशर पडलं की कॉम्प्रेसरमधून जाणारा गॅस कमी होतो आणि अँपिअर *उतरतात*. क्लॅम्प मीटरवर २२ चे १९ झाले म्हणून कुणी बचत दाखवत असेल, तर त्याच वेळी सक्शन गेज काय दाखवतंय ते विचारा. अँपिअर आणि सक्शन प्रेशर दोन्ही उतरले असतील तर ती बचत नव्हे, बिघाड आहे.

टीडी वाढण्याची साधी कारणं आधी बाद करा

कॉईलवर बर्फ किंवा धूळ, पंखा उलटा फिरतोय, पेट्या कॉईलला भिडवून रचल्यात: हे डोळ्यांनी दिसतं. लिक्विड लाईनच्या साईट ग्लासमध्ये बुडबुडे आणि सबकूलिंग (द्रव कंडेन्सिंग तापमानाच्या किती खाली थंड झालाय) जवळजवळ शून्य असेल तर गॅस कमी आहे. ड्रायरच्या (ओलावा शोषणाऱ्या गाळणीच्या) दोन टोकांत २ अंशांपेक्षा जास्त फरक हाताला किंवा थर्मामीटरला जाणवला तर ड्रायर चोंदलाय. कंडेन्सिंग तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १५ अंशांहून जास्त वर असेल तर आधी कंडेन्सर धुवा. त्याचा भुर्दंड वेगळा आणि मोठा असतो.

हे सगळं ठीक, सबकूलिंग ४ ते ६ अंश, तरी टीडी मोठा, सुपरहीट (कॉईलमधून निघणारा गॅस उकळण्याच्या तापमानापेक्षा किती गरम) नेहमीपेक्षा कमी किंवा डोलणारं, आणि वहीत तेलाची भर जास्त, तर संशय कॉईलमध्ये साचलेल्या तेलावर.

खात्री करायला खोली रिकामी असताना एक चाचणी करता येते. कॉम्प्रेसर बंद, कॉईलचे पंखे चालू, दार उघडं, क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरच्या तळातलं तेल गरम ठेवणारा) चालू. कॉईल १५–२० अंशांवर येऊ द्या. मग कॉम्प्रेसर पूर्ण क्षमतेवर सुरू करा, पण सक्शन सर्व्हिस वॉल्व्ह पहिली काही मिनिटं अर्धवट दाबून ठेवा, नाहीतर द्रव आणि तेल एकदम येऊन व्हॉल्व्ह प्लेट फोडतील. सुरुवातीचा फेस बसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवरचं साईट ग्लासचं वाचन धरू नका. अर्ध्या तासात पातळी स्पष्ट वर आली, तर तेल कॉईलमध्ये किंवा लाईनमध्ये पडून होतं. ऊबेने ते पातळ झालं आणि सुरुवातीच्या दाट गॅसने ते वाहून आणलं.

तेल अडकतं कुठे आणि का

सर्वात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे उभा सक्शन पाईप. कॉईल खाली, कॉम्प्रेसर वर असेल तर तेल भिंतीवरून वर चढवण्याचं काम फक्त गॅसच्या वेगाने होतं. आडव्या पाईपात ४ मीटर प्रति सेकंद पुरतात, उभ्यात ७ ते ८ तरी हवेत. इथे "मोठा पाईप म्हणजे प्रेशर ड्रॉप कमी, म्हणजे चांगला" हा समज नडतो. जिथे १-१/८ इंची पाईपात ८ मीटर वेग मिळत होता, तिथे १-३/८ इंची टाकला की आतलं क्षेत्रफळ दीडपट होतं आणि वेग ५.२ वर येतो. तेल थोडं चढतं, थोडं घसरतं, खाली साचत राहतं. मग एका क्षणी गोळा होऊन एकदम कॉम्प्रेसरवर आदळतं. साईट ग्लास सकाळी रिकामा आणि दुपारी काठोकाठ, असं दिसलं की पहिला संशय इथेच घ्या.

पाईप नीट करायचा तर: आडवी लाईन कॉम्प्रेसरकडे उतरती, मीटरला सुमारे ५ मिमी. उभ्या पाईपाच्या बुंध्याशी पी-ट्रॅप, उंची जास्त असेल तर दर ३–४ मीटरला आणखी एक, आणि वरच्या टोकाला उलटा ट्रॅप. ट्रॅप आखूड, जवळच्या दोन एल्बोंचा. हाताने वाकवून केलेला लांबलचक यू स्वतःच पाव-अर्धा लिटर तेल धरून बसतो. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडाच. काळी पपडी पुढे तेलातच उतरते.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) किंवा अनलोडर (काही सिलिंडर बंद ठेवणारा) असेल तर पाईपाचं गणित पूर्ण क्षमतेवर बरोबर असूनही कमी लोडला चुकतं. रात्री माल थंड झाल्यावर कॉम्प्रेसर ३० हर्ट्झवर रेंगाळतो तेव्हा वेग जवळपास निम्मा असतो. उपाय दोन: दुहेरी रायझर (एकाऐवजी दोन उभे पाईप), किंवा कंट्रोलरमध्ये दर तासाला दीड-दोन मिनिटं पूर्ण वेगाने धावण्याची सेटिंग. दुसरा फुकट आहे आणि बहुतेक ड्राइव्हमध्ये तो पर्याय असतो, पण बसवणारा चालू करून जात नाही.

दुसरं कारण म्हणजे फेस. थांबलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस विरघळतो. सुरू होताच क्रँककेसचं प्रेशर पडतं, सोडा वॉटरची बाटली उघडावी तसं तेल फसफसतं आणि अर्धं तेल डिस्चार्जमधून बाहेर. क्रँककेस हीटर जळालेला किंवा कॉम्प्रेसरबरोबरच बंद होणाऱ्या स्विचवर जोडलेला सापडतो. हीटर थांबलेल्या वेळी चालू हवा. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या स्टार्टआधी किमान ८–१२ तास. थांबताना लिक्विड सोलेनॉईड आधी बंद होऊन पंप डाऊन (कॉईलमधला गॅस ओढून ती रिकामी करणं) होतंय का तेही पाहा.

कॉईलच्या टोकाला सुपरहीट ५ अंशांच्या खाली असेल तर चालू कॉम्प्रेसरमध्येही द्रव परततो आणि तेल धुऊन नेतो. एक्सपान्शन वॉल्व्हचा (कॉईलमध्ये द्रव सोडणारा वॉल्व्ह) बल्ब सक्शन लाईनला घट्ट बांधलाय का, त्यावर इन्सुलेशन आहे का, हे आधी बघा. एक्सपान्शन वॉल्व्हचा स्क्रू त्यानंतर.

सेपरेटर असेल तर त्याच्या परतीच्या बारीक नळीला हात लावून दहा मिनिटं थांबा. निरोगी सेपरेटरची नळी थोडी थोडी गरम होते, पुन्हा निवते. सतत चटका बसेल इतकी गरम असेल तर फ्लोट उघडा अडकलाय, आणि गरम गॅस सरळ क्रँककेसमध्ये जातोय. यात क्षमता थेट घटते आणि तेलही तापतं, म्हणजे वीजही जाते. नळी कायम बाहेरच्या हवेइतकीच गार असेल तर फ्लोट बंद अडकलाय किंवा गाळणी चोंदलीय.

चुकीचं तेल

आर-४०४ए, आर-१३४ए, आर-४१०ए यांच्याबरोबर पीओई (पॉलिओल एस्टर) हे कृत्रिम तेल लागतं, कारण ते या गॅसमध्ये मिसळतं आणि त्याच्याबरोबर परत येतं. जुन्या आर-२२ च्या सवयीने वर भरताना ३जीएस किंवा ४जीएस हे खनिज तेल टाकलेलं आढळतं. ते स्वस्त आहे, डब्यात पडलेलं असतं. खनिज तेल आर-४०४ए मध्ये मिसळत नाही. थंड कॉईलमध्ये ते घट्ट होऊन नळीच्या तळाशी बसतं, आणि मग त्याला कोणतीही बाटली सहज हलवू शकत नाही.

तेलाचा नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो ते मोजणारं उपकरण) पाहा. खनिज तेलाचं प्रमाण ५ टक्क्यांवर असेल तर तेल बदला: पंप डाऊन, जुनं तेल काढून मोजा, शिफारस केलेलं पीओई तेवढंच भरा, दिवसभर चालवा, पुन्हा काढा. साधारण तीन फेऱ्यांत प्रमाण खाली येतं. शेवटच्या फेरीला नवा ड्रायर. पीओई ओलावा झपाट्याने ओढतं, ते ५० पीपीएमच्या आत हवं. डबा धातूचा, सीलबंद, उघडला की त्याच बैठकीत संपवायचा. उरलेलं प्लास्टिकच्या बाटलीत ठेवून पुढच्या महिन्यात वापरणं म्हणजे सिस्टीममध्ये पाणी घालणंच. व्हॅक्युम ५०० मायक्रॉनपर्यंत आणि मग टिकतोय का ते पाहणं, यात सूट नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं: अडकलेलं तेल मोकळं झालं की ते सगळं परत येणार. वर्षभरात भरलेले दोन-अडीच लिटर क्रँककेसमध्ये जमा होतील. पहिले ४८ तास साईट ग्लासवर लक्ष ठेवा, पातळी पाऊण ग्लासच्या वर गेली की काढा. वहीतली भर आणि काढलेलं माप जुळेपर्यंत दुरुस्ती पूर्ण झाली असं धरू नका.

मग अॅडिटिव्हचं काय

दोन प्रकार बाजारात भेटतात, त्यांची गल्लत करू नये.

पहिला, धातूला चिकटणाऱ्या ध्रुवीय रेणूंचा. कल्पना अशी की हे रेणू नळीच्या आतल्या भिंतीवर बसतात, तेलाची पुटं उखडतात आणि उष्णता सहज जाते. पुटाने किती नुकसान होतं याचा अंदाज काढता येतो. तेलाची उष्णतावाहकता सुमारे ०.१३ वॉट प्रति मीटर-अंश, तांब्याची साधारण ३८५. कॉईलमधून दर चौरस मीटरला ५ किलोवॉट जात असतील तर ०.१ मिमी जाडीच्या थरामुळे जवळपास ४ अंश जादा फरक लागतो. म्हणजे वर मोजलेल्या टीडीच्या वाढीचा मोठा भाग. पण हा थर तेल साचलेल्या कॉईलमध्ये असतो. तेलाचं परतणं व्यवस्थित असलेल्या सिस्टीममध्ये गॅसबरोबर एक-दोन टक्के तेल फिरतं, ते पीओई असेल तर गॅसमध्ये विरघळलेलं असतं, आणि उखडण्यासारखं पुट फारसं नसतंच. म्हणूनच रोगट सिस्टीममध्ये बाटलीचा फायदा दिसतो, निरोगीत दिसत नाही. रोगटात पाईप तसाच ठेवून बाटली घातली तर सुटलेलं तेल पुन्हा त्याच रायझरच्या बुंध्याशी जाऊन बसतं.

या प्रकारात घटक पाहणं अटळ आहे. काही उत्पादनांचा पाया क्लोरीनयुक्त पॅराफिन किंवा ओलेफिन असतो. ओलावा आणि डिस्चार्जची उष्णता मिळाली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं. मग मोटरचं वाइंडिंग, बेअरिंगवर तांब्याचा मुलामा, आणि शेवटी बर्न-आऊट. लहान साखळीचे क्लोरीनयुक्त पॅराफिन तर २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेले आहेत. सुरक्षा पत्रक मागा. "क्लोरिनेटेड" शब्द असेल किंवा घटक "गोपनीय" लिहिले असतील तर बाटली परत द्या.

दुसरा प्रकार घर्षण कमी करणारा, अलीकडे "नॅनो" नावाने. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरच्या एकूण विजेपैकी यांत्रिक घर्षणात साधारण ५ ते १० टक्के जाते. घर्षण पाचव्या हिश्श्याने कमी झालं असं मान्य केलं तरी हाती १ ते २ टक्के येतात. कुणी वीस टक्के सांगत असेल तर उरलेले अठरा कुठून, हे त्याने सांगावं. नॅनोकणांनी उकळण्याची क्रिया सुधारते यावर मात्र गंभीर काम झालंय. अमेरिकेच्या एनआयएसटी (मानके आणि तंत्रज्ञान) या सरकारी संस्थेत मार्क केड्झियर्स्की यांनी आर-१३४ए मध्ये कॉपर ऑक्साईडचे कण असलेलं पीओई वापरून प्रयोग केले. तेलाचं प्रमाण अर्धा टक्का असताना फायदा ठळक होता, एक-दोन टक्क्यांवर तो बराच आटला. आणि ते प्रयोगशाळेतल्या सपाट पृष्ठभागावरचं उकळणं होतं, गाळणी, ड्रायर आणि बेअरिंग असलेली शेतावरची सिस्टीम नव्हे. कण तळाला बसले तर काय, हा प्रश्न कॉम्प्रेसर बनवणाऱ्याला विचारा. बहुतेक उत्पादक तेलात बाहेरचं काहीही घालायला मनाई करतात आणि वॉरंटी तिथेच संपते.

तरीही करून पाहायचंच असेल, तर वरची सगळी दुरुस्ती झाल्यावर, उत्पादकाची लेखी परवानगी घेऊन, आणि मोजून. कॉम्प्रेसर आणि पंख्यांना वेगळा युनिट मीटर बसवा. सात रात्री, १० ते ६, दार बंद, नवा माल नाही, सेटिंग तेच. दर तासाला युनिट, सक्शन, डिस्चार्ज, खोलीचं आणि बाहेरचं तापमान लिहा. मग अॅडिटिव्ह घाला, आणि *त्याच दिवशी दुसरं काहीही करू नका*. नेहमी होतं ते असं की बाटलीवाला येतो तेव्हाच कंडेन्सर धुतला जातो, गॅस टॉप-अप होतो, आणि बिल उतरल्याचं श्रेय बाटलीला जातं. नंतरच्या सात रात्री जवळपास त्याच हवामानात घ्या. मार्चच्या नोंदी जानेवारीशी ताडू नका.

प्रीकूलिंगचा ताळा असा घेता येतो: १ टन द्राक्षं २५ वरून ४ अंशांवर आणायला (विशिष्ट उष्मा सुमारे ३.६५ किलोज्यूल प्रति किलो-अंश) साधारण २१ युनिटांइतकी उष्णता काढावी लागते. सीओपी (एका युनिट विजेत किती युनिट उष्णता निघते) २.५ धरला तर कॉम्प्रेसरला सुमारे साडेआठ युनिट, पंखे आणि दारातून येणारी उष्णता वेगळी. तुमच्या मीटरवर टनाला वीस युनिट पडत असतील तर तेलापेक्षा मोठं छिद्र दुसरीकडे आहे. आधी दाराचं गॅस्केट आणि पीयूएफ (फोमच्या) पॅनलचे सांधे पाहा.

आर-२२ आणि अमोनियावाल्यांसाठी

आर-२२ २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय, म्हणून जुन्या सिस्टीममध्ये पर्यायी गॅस भरले जातात. आर-४०७सी भरून खनिज तेल तसंच ठेवलं तर वरचीच तक्रार सुरू होते. तिथे तेल बदलायलाच हवं. आर-४३८ए किंवा आर-४२२डी यांत ब्युटेन, आयसोब्युटेनसारखे हायड्रोकार्बन थोड्या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असतात, जेणेकरून खनिज तेल पातळ होऊन परत यावं. तरी लांब लाईन असेल तर तेलाचा साधारण पाचवा हिस्सा काढून तितकं पीओई घालणं हा सरळ, तपासलेला उपाय आहे. खरं तर हेच या कामाचं सर्वात भरवशाचं अॅडिटिव्ह.

अमोनियाच्या प्लांटमध्ये मात्र पीओई किंवा अशी कोणतीही बाटली चालणार नाही. एस्टर तेलाची अमोनियाशी क्रिया होऊन साबणासारखा गाळ बनतो. तिथे तेल अमोनियापेक्षा जड असल्याने इव्हॅपोरेटरच्या तळाशी बसतं, आणि ते ऑईल पॉटमधून (तेल जमवायच्या भांड्यातून) ठरलेल्या वेळी काढणं हाच उपाय. पॉट आधी सिस्टीमपासून बंद करा, सक्शनकडे प्रेशर उतरवा, तेल कोमट होऊ द्या. मग हात सोडताच आपोआप बंद होणाऱ्या स्प्रिंगच्या वॉल्व्हमधून काढा. मास्क लावून, दुसरा माणूस शेजारी उभा ठेवून. वॉल्व्ह उघडा सोडून फोन घ्यायला जाऊ नये. तेल संपलं की त्यामागून अमोनिया येतो. निघालेलं तेल मापून त्याच वहीत लिहा. दर वेळी माप वाढत असेल तर कॉम्प्रेसरच्या पिस्टन रिंग किंवा सेपरेटरची जाळी बघायची वेळ आलीय.